अभ्यासक्रमात एक पान आपत्काळाचं हवं: विद्या परिषदांच्या सदस्यांना खुलं पत्र

राज्यातील सार्वजनिक विद्यापीठांच्या विद्या परिषदांचे आणि अभ्यास मंडळांचे सन्माननीय सदस्य,

सप्रेम नमस्कार.

मी रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर भागात, तालुक्याच्या गावी असलेल्या एका पदवी महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवते. 2024-25 पासून संलग्न महाविद्यालयांत नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे अभ्यासक्रम लागू झाले आणि तेव्हापासून सत्रामागून सत्र आपण नवे अभ्यासक्रम मंजूर करत आहात. माझ्या हाती येणारी प्रत मी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचते. उद्दिष्टं, फलनिष्पत्ती, क्रेडिट, तासिका, अंतर्गत गुण, संदर्भग्रंथ, सगळ्यांना रकाने असतात. उद्या पुन्हा साथ आली आणि महाविद्यालयाला रातोरात कुलूप लागलं, तर ह्यातलं काय शिकवायचं, काय मागे ठेवायचं आणि मुलांपर्यंत ते कसं पोचवायचं, ह्याला मात्र मी पाहिलेल्या एकाही प्रतीत जागा नाही. ती जागा करा, एवढंच मागण्यासाठी हे पत्र लिहिते आहे. का मागते आहे, ते सविस्तर सांगावं लागेल.

मार्च 2020 च्या मध्यावर महाविद्यालयं बंद करण्याचा आदेश आला. द्वितीय वर्षाची तीन प्रॅक्टिकलं राहिली होती, जर्नलं तपासायची होती. मुलांना आणि आम्हालाही वाटलं, पंधरा दिवसांचा प्रश्न आहे. वसतिगृहातली मुलं एक पिशवी उचलून एसटीने घरी गेली. ट्रंका, पुस्तकं, वह्या, अर्धी लिहिलेली जर्नलं खोल्यांत राहिली. 22 तारखेला जनता कर्फ्यू झाला, 24 च्या रात्री देशभर टाळेबंदी लागली आणि काही आठवड्यांनी वसतिगृहाच्या किल्ल्या तहसील कचेरीकडे गेल्या. तिथे विलगीकरण केंद्र झालं. ते आवश्यकच होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण किल्ल्या देण्याआधी मुलांची पुस्तकं बाहेर काढावीत हे मला सुचलं नाही, प्राचार्यांना सुचलं नाही, ज्यांनी आदेश काढला त्यांनाही सुचलं नाही. ग्रंथालयाला कुलूप होतंच. म्हणजे आम्ही ‘ऑनलाइन शिकवायला’ बसलो त्या दिवशी वर्गातल्या निम्म्या मुलांकडे पाठ्यपुस्तक नव्हतं. मोबाइल, नेटवर्क, ॲप ह्यांच्या गोष्टी नंतरच्या. सुरुवात इथून झाली.

पहिल्या आठवड्यात मी रोज सकाळी साडेदहाला गूगल मीटवर वर्ग घेतला. वेळापत्रकात साडेदहालाच असायचा म्हणून. साडी नेसून, मागे भिंतीवर कागदी फळा लावून बसायचे. सेहेचाळीसपैकी पहिल्या दिवशी एकोणीस जण आले, चौथ्या दिवशी अकरा. माझ्या मनात आलेला पहिला विचार आज कबूल करते: मुलांना सुट्टी मिळाल्यासारखं वाटतंय. मग मी एकेकाला फोन लावायला घेतले आणि त्या विचाराची मला लाज वाटली.

चार दिवस लागले. वहीत केलेली ती नोंद अजून माझ्याकडे आहे. स्वतःचा स्मार्टफोन असलेली मुलं सतरा. घरात एकच स्मार्टफोन आणि तो वडिलांचा, भावाचा किंवा काकांचा, अशी एकवीस. साधा बटणांचा फोन असलेली पाच. तीन मुलांशी कसाही संपर्क होईना. त्या एकवीस जणांत मुली जास्त होत्या. त्यांतली एक म्हणाली, ‘मॅडम, फोन रात्री नऊनंतर माझ्या हातात येतो. तेव्हा दादाचं रिचार्ज संपत आलेलं असतं.’ दिवसाला दीड जीबीचा पॅक. तासभर चालणारा व्हिडिओ वर्ग अर्धा ते एक जीबी खातो. आमच्या वेळापत्रकात दिवसाला चार-पाच तास होते. हा गुणाकार कोणत्याही परिपत्रकाआधी करता आला असता.

आकडे नव्हते, असंही म्हणता येत नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या 75 व्या फेरीची पाहणी 2017-18 मध्ये झाली आणि तिचा शिक्षणविषयक अहवाल 2019 च्या अखेरीस प्रसिद्ध झाला. त्यात देशाच्या ग्रामीण भागातल्या साधारण 4 टक्के घरांत संगणक होता आणि इंटरनेटची सोय साधारण 15 टक्के घरांत. शहरांत हेच आकडे 23 आणि 42 टक्के होते. टाळेबंदी लागली तेव्हा हा अहवाल येऊन काही महिनेच झाले होते. त्यावर नजर टाकून कोणी ठरवलं असतं की ज्याच्याकडे सर्वांत कमी आहे त्याच्या मापाने अभ्यासक्रम कापू, तर माझे ते चार दिवस आणि मुलांचं ते सत्र वाचलं असतं. झालं उलट. ज्यांच्याकडे वायफाय आणि स्वतंत्र खोली आहे त्यांच्या मापाने वर्ग बेतला गेला आणि बाकीच्यांना ‘गैरहजर’ म्हणून नोंदलं.

मे महिन्यात चाकरमानी गावी आले. प्रत्येक वाडीत माणसं दुप्पट झाली, टॉवर तेवढेच. दुपारी फोन लागेना. मुलं सड्यावर (जांभ्या दगडाच्या उघड्या माळावर), देवळाच्या पायऱ्यांवर, आंब्याच्या झाडावर नेटवर्क शोधत फिरायची. त्याच वर्षी सिंधुदुर्गातल्या एका मुलीने डोंगरावर छप्पर घालून, पावसात तिथे बसून अभ्यास केल्याची बातमी सगळ्यांनी वाचली. तिचं कौतुक झालं, आणि ते रास्त होतं. पण माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या आईने मला विचारलं, ‘माझी पोरगी एकटी रानात कशी पाठवू?’ त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. बातमीतल्या जिद्दीला आपण नियम समजलो, की घरी थांबलेल्या मुलीला आपोआप कमी जिद्दीची ठरवतो.

आणि मग 3 जूनला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने जमिनीवर आलं. रायगडच्या दक्षिणेला आणि आमच्या मंडणगड-दापोलीकडे जे झालं ते मुंबईच्या बातम्यांत दोन दिवस दिसलं. नारळ-सुपारीच्या बागा आडव्या झाल्या, घरांची कौलं, पत्रे उडाले, विजेचे खांब रस्त्यावर पडले. काही वाड्यांवर वीज यायला महिना उलटला. टॉवर बंद, फोन चार्ज करायला जागा नाही. नेमकं त्याच सुमारास प्रथम आणि द्वितीय वर्षाच्या मुलांना परीक्षेविना पुढे नेताना निम्मे गुण अंतर्गत मूल्यमापनाचे आणि निम्मे मागच्या सत्राचे धरायचं सूत्र आलं होतं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 29 एप्रिलच्या मार्गदर्शक सूचनांतच ते होतं. त्या अंतर्गत मूल्यमापनासाठी आम्ही असाइनमेंट ईमेलने मागवल्या होत्या. शेवटची तारीख जूनच्या दुसऱ्या आठवड्यातली. ज्या मुलाच्या घराचं छप्पर गेलं आहे, त्याच्याकडून पीडीएफ मागणारी शिक्षिका मी होते. तारीख पुढे ढकलण्याचा अधिकार माझ्याकडे आहे की नाही हेही मला माहीत नव्हतं. अखेर मी विचारलं नाही, ढकलली. तीन मुलांची उत्तरं जुलैत पोस्टाने आली. एकाचा कागद भिजून वाळलेला होता, शाई पसरली होती. मी त्याला पूर्ण गुण दिले आणि त्यात माझ्याकडून काही चुकलं असं मला आजही वाटत नाही.

त्या पोस्टाच्या पाकिटांनी मला रस्ता दाखवला. फोन बंद होते तेव्हाही ग्रामीण डाकसेवक सायकलवर, पायी वाड्यावाड्यांत जात होता. ऑगस्टमध्ये नवं सत्र सुरू झालं तेव्हा मी साडेदहाचा वर्ग बंद केला. आठवड्याचा पाठ चार पानांत लिहायचा, बाजारातल्या झेरॉक्सच्या दुकानातून काढायचा, ज्यांच्याकडे काहीच नाही त्या आठ जणांना बुकपोस्टने पाठवायचा. बाकीच्यांना त्याच पानांचे फोटो व्हॉट्सॲपवर. सोबत दहा-दहा मिनिटांच्या तीन ध्वनिफिती. अशी एक ध्वनिफीत एक-दोन एमबीत बसते. रात्री साडेनऊला दोन मिनिटांत उतरवून घेता येते आणि नंतर नेटवर्क नसतानाही ऐकता येते. आठवड्याला एकदा प्रत्येकाला साधा फोन, सात-आठ मिनिटांचा. त्यात मी तीन प्रश्न विचारायचे. सेहेचाळीस मुलं म्हणजे सहा तासांचं काम, दोन-तीन संध्याकाळींत उरकायचं. चेहरा दिसत नाही म्हणून शिकवणं कमी पडेल ही माझी भीती पहिल्या महिन्यातच गेली. वर्गात शेवटच्या बाकावर बसून वर्षभर तोंड न उघडलेला मुलगा फोनवर मला बीजाणुधानीबद्दल उलट प्रश्न विचारायला लागला.

पाठ लिहिणं मात्र अवघड गेलं, हे मान्य करते. बोलून शिकवणाऱ्या माणसाला असं लिहिता येत नाही की वाचणारा अडेल तिथे मजकूर त्याला हात देईल. हे शास्त्र आपल्याच राज्यात आहे. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने 1989 पासून घरी बसून शिकणाऱ्या माणसासाठी पुस्तकं तयार केली आहेत: लहान घटक, मध्येच स्वतःला विचारायचे प्रश्न, उत्तर लिहायला रिकामी जागा. तिथल्या लेखकांपैकी कोणी आम्हाला दोन दिवस शिकवायला मिळाला असता तर! आमच्यापर्यंत आल्या त्या कार्यशाळा ॲप कसं वापरायचं, स्क्रीन कशी शेअर करायची, ऑनलाइन हजेरी कशी घ्यायची ह्यांच्या. आकाशवाणीची केंद्रं रत्नागिरी, सांगली, परभणी, जळगावसारख्या ठिकाणी आहेत. पदवीच्या मुलांसाठी रोज अर्धा तास तिथे मागून पाहावा, असं कोणत्या विद्यापीठाने ठरवल्याचं माझ्या कानावर आलं नाही. केंद्र सरकारच्या स्वयंप्रभा वाहिन्या डीटीएचवर होत्या, 2017 पासून, बत्तीस. माझ्या मुलांनी त्या लावून पाहिल्या. इंग्रजीतून, दुसऱ्याच अभ्यासक्रमाच्या क्रमाने चालणारं व्याख्यान ऐकून त्यांनी ते आठवड्याभरात सोडलं.

आता प्रॅक्टिकलबद्दल, कारण विज्ञान शाखेचं सगळ्यात मोठं नुकसान तिथे झालं आणि सगळ्यात मोठी संधीही तिथेच होती.

ऑगस्ट-सप्टेंबरात कोकणातला सडा फुललेला असतो. सीतेची आसवं, गेंद, तेरडा, बांधावर टाकळा, रानात भारंगी, कुंपणाला कळलावी. जांभ्याच्या ओल्या गडग्यावर, म्हणजे कुंपणाच्या दगडी भिंतीवर, नेचे आणि शेवाळी इतकी की प्रयोगशाळेतल्या फॉर्मलिनमधल्या बरण्या दीनवाण्या वाटाव्यात. वर्षानुवर्षं आम्ही ह्या मुलांना गावाहून एसटीने बोलावून, बाटलीतली रंग उडालेली टेरिस (एक नेचा) दाखवत होतो, आणि तिच्याच जातभाई त्यांच्या घरामागच्या गडग्यावर वाढत होत्या! मी सांगितलं, घरापासून अर्ध्या तासाच्या अंतरात वीस वनस्पती. फुलाचा एकेक भाग सुटा करून कागदावर चिकटवायचा, पुष्पसूत्र लिहायचं, पुष्पचित्र काढायचं, कुल ठरवायचं. आणि प्रत्येक वनस्पतीचं घरातलं नाव आणि उपयोग आजीला, शेजारच्या काकांना विचारून लिहायचा. जुन्या वर्तमानपत्रात दाबून, गादीखाली ठेवून त्यांनी नमुने वाळवले. पावसात ते नीट वाळत नाहीत, बुरशी येते. मग एका मुलीने चुलीच्या वर, धुराच्या उबेत ठेवून पाहिले आणि ते वाळले. तिची युक्ती मी ध्वनिफितीतून सगळ्यांना कळवली. एका मुलाने टाकळ्याच्या पानापुढे लिहिलं होतं, ‘कोवळा असताना भाजी, पुढे शेंगा धरल्या की गुरंसुद्धा तोंड लावत नाहीत.’ मी तेवीस वर्षं शिकवते आहे. त्या वर्षीइतकी चांगली वर्गीकरणाची जर्नलं मी आधी पाहिली नव्हती, नंतरही नाही.

त्याच सत्रात पेशीशास्त्राचंही प्रॅक्टिकल होतं. कांद्याच्या मुळाचं टोक काचपट्टीवर दाबून पसरून (स्क्वॅश करून), रंगवून, सूक्ष्मदर्शकाखाली पेशीविभाजनाच्या अवस्था ओळखायच्या. हे घरी होत नाही. मी व्हिडिओ पाठवला, मुलांनी पाहिला, आकृत्या काढल्या आणि मी गुण दिले. रसायनशास्त्रातल्या माझ्या सहकाऱ्याची अवस्था ह्याहून वाईट. टायट्रेशनमध्ये शिकायचं असतं ते हाताने: ब्युरेटचा कॉक किती हळू फिरवायचा, शेवटच्या थेंबाला गुलाबी छटा कशी येते आणि ती टिकते की विरते. व्हिडिओत तो थेंब दुसऱ्याच्या हातून पडतो. त्या प्रयोगांचे गुण त्या मुलांच्या गुणपत्रिकेवर इतर गुणांसारखेच छापले गेले. मी ज्याला साक्ष नाही अशा गोष्टीवर सही केली आहे. मला ते सलतं.

2020 च्या अखेरीस प्रथम वर्षाला प्रवेश घेतलेल्या मुलांचा विचार करा. फेब्रुवारी 2021 मध्ये निम्म्या हजेरीने दारं उघडली आणि दुसऱ्या लाटेने पुन्हा मिटली. महाविद्यालयं खऱ्या अर्थाने उघडली 20 ऑक्टोबर 2021 ला. म्हणजे प्रयोगशाळेत ती मुलं आली ती द्वितीय वर्षाची म्हणून. जानेवारी 2022 मध्ये परत बंद, फेब्रुवारीत परत सुरू. त्यांच्यातल्या एकीला मी सूक्ष्मदर्शक लावायला सांगितला तेव्हा तिने आरसा उजेडाकडे वळवण्याऐवजी मोबाइलचा टॉर्च वरून मारला. बाकीची मुलं हसली नाहीत, कारण त्यांनाही ठाऊक नव्हतं. आम्ही शनिवारी जादा प्रॅक्टिकलं घेऊन जेवढं भरून काढता आलं तेवढं काढलं. त्याची कुठे नोंद नाही, कारण कागदावर ती प्रॅक्टिकलं आधीच झालेली होती.

माझं म्हणणं ह्यातूनच आलेलं आहे. प्रत्येक अभ्यासक्रमाला, प्रत्येक सत्राला, आपण एक पान जोडावं. त्यावर अभ्यास मंडळाने आत्ता, शांतपणे, विषयाची जाण असलेल्या माणसांकडून ठरवून घ्यावं: महाविद्यालय बंद पडलं तर ह्यातलं घरी कोणतं होईल, कोणतं उलट घरी जास्त चांगलं होईल, आणि कोणतं होणारच नाही म्हणून थांबवून ठेवायचं. थांबवलेल्या प्रॅक्टिकलचं क्रेडिट कोरं राहू द्यावं, दारं उघडल्यावर पंधरा-वीस दिवसांचं शिबिर घेऊन ते भरावं. मुलाचा पुढचा प्रवेश त्यावाचून अडू नये अशी तरतूद आधी करून ठेवावी. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 प्रमाणे अभ्यासक्रम आणि शिक्षणाचा दर्जा हा आपल्या परिषदेच्याच कक्षेतला विषय आहे. वरून सूचना येण्याची वाट पाहायची गरज नाही.

ते पान लिहिताना एक मोजमाप समोर असावं: घरात एक फोन, तो संध्याकाळनंतर हातात, आणि नेटवर्क मजकूर व आवाज जाईल एवढंच. ह्या मुलीपर्यंत जे पोचेल तो मुख्य पाठ. थेट व्हिडिओ वर्ग ज्यांना जमेल त्यांच्यासाठी जादाचा, हजेरी त्याला जोडलेली नसावी. हजेरी पाठ सोडवून आला का, फोनवर उत्तरं दिली का, ह्यावर धरावी. मला सांगितलं जातं की आता परिस्थिती बदलली, फाइव्ह जी आलं, सगळ्यांकडे फोन आहेत. फोन वाढले हे खरं. पण 22 जुलै 2021 ला चिपळूण पाण्याखाली गेलं तेव्हा चांगले फोन, चांगलं नेटवर्क असलेल्या घरांतली मुलंसुद्धा तोडली गेली, पुस्तकं चिखलात गेली. साथ एकटी येईल ह्याची हमी कोणी दिली आहे? आमच्याकडे ती वादळ घेऊन आली होती.

परीक्षेविषयी थोडक्यात लिहिते, कारण त्यावर पुष्कळ बोललं गेलं आहे. अंतिम वर्षाच्या मुलांनी 2020 चे पाच महिने परीक्षा होणार की नाही ह्या एकाच प्रश्नात काढले. एप्रिलमध्ये आयोगाच्या सूचना, जूनमध्ये राज्य सरकारचा परीक्षा न घेण्याचा निर्णय, 6 जुलैला सप्टेंबरअखेर परीक्षा घ्याच असं आयोगाचं फर्मान, मग न्यायालय, आणि 28 ऑगस्टला परीक्षेविना पदवी नाही असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. ऑक्टोबरात बहुपर्यायी प्रश्नांची ऑनलाइन परीक्षा झाली, तेव्हा आमच्याकडे परतीच्या पावसाच्या धास्तीने भातकापणी उरकायची घाई चालू होती. तीन वर्षं दीर्घोत्तरी लिहिलेल्या मुलाने शेवटच्या परीक्षेत चारांतला एक गोल निवडला, तोही नेटवर्क टिकलं तर. विषयाच्या शिक्षकाने साध्या फोनवर घेतलेली पंधरा मिनिटांची तोंडी परीक्षा, दुसऱ्या महाविद्यालयातला परीक्षक त्याच कॉलवर जोडून, ह्याहून प्रामाणिक ठरली असती असं मी अनुभवावरून सांगते. त्याला डेटा लागत नाही, आणि मूल बोलू लागलं की त्याला किती कळलं आहे ते पाच मिनिटांत समजतं.

तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांसाठीही एक ओळ त्या पानावर हवी. त्यांचा मोबदला घेतलेल्या तासांवर. वर्ग बंद झाले तशी त्यांची तासिका थांबली. जे शिकवत राहिले त्यांचे फोन, लिहिलेले पाठ, रात्री अकराला दिलेली उत्तरं ह्यांना तासिका म्हणावं की नाही, ह्याचा निर्णय शेवटपर्यंत झाला नाही. आमच्या विभागातला एक जण त्या पावसाळ्यात दुसऱ्यांच्या बागेत पडलेली झाडं तोडायला जात होता. नेट-सेट झालेला माणूस. संध्याकाळी घरी येऊन, हात धुऊन, तो मुलांना आनुवंशिकतेची गणितं सोडवून पाठवायचा. मोबदला देणं शासनाच्या हातात आहे हे मला समजतं, पण लिहिलेला पाठ आणि फोनवरचं शिकवणं म्हणजे शिकवणंच, अशी व्याख्या तरी आपण करून ठेवू शकता.

मे 2021 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने मिश्र पद्धतीचा मसुदा आणला, प्रत्येक विषयाचा 40 टक्क्यांपर्यंतचा भाग ऑनलाइन शिकवण्याचा. त्यावर वेगळी चर्चा जरूर व्हावी. पण कृपया त्या चर्चेत माझं हे मागणं मिसळून टाकू नका. वर्षभर आधी ठरवून, साहित्य तयार करून शिकवलेला ऑनलाइन विषय आणि आजार दाराशी आला म्हणून एका रात्रीत हलवलेला वर्ग, ह्या दोन्हींची गरज निराळी, शिकणाऱ्याची मनःस्थितीही निराळी. ही मनःस्थिती आपल्या कोणत्याच परिपत्रकात नव्हती. त्याच मे महिन्यात माझ्या एका विद्यार्थ्याचे वडील रत्नागिरीला रुग्णालयात वारले. असाइनमेंटच्या शेवटच्या दिवशी रात्री त्याचा संदेश आला. तीन पानांचे फोटो, आणि खाली, ‘मॅडम, अकरावं असल्यामुळे शेवटचा प्रश्न राहिला, माफ करा.’ त्याला कोणी सांगितलंच नव्हतं की अशा दिवसांत अभ्यास न करण्याची परवानगी असते. ती आपल्या नियमांत लिहिलेली असावी. एवढी मोठी विपदा असताना मुलाला शिक्षकाच्या भलेपणावर अवलंबून राहावं लागू नये.

आणि तीन मुली परत आल्या नाहीत. वहीत सुरुवातीला संपर्क न झालेली जी तीन नावं होती त्यांतली एक, आणि सामायिक फोनवाल्या एकवीस जणांतल्या दोघी. दोघींची लग्नं झाल्याचं कळलं. तिसरी मुंबईला नातेवाइकांकडे घरकामाला गेली, असं तिच्या वाडीतल्या मुलाने सांगितलं. ती वर्गीकरणात फार हुशार होती. पहिल्या वर्षी तिने मला भारंगीच्या फुलाच्या पाकळ्यांची रचना स्वतःहून आणून दाखवली होती आणि हे निर्गुडीच्या कुळातलं कसं, तुळशीच्या का नाही, असं विचारलं होतं. पुढे वर्गीकरणकारांनी भारंगीला तुळशीच्याच कुळात नेलं आहे, हे मला तिला सांगायचं होतं. पुढच्या वर्षाच्या पाठात ते येणार होतं.

वनस्पतिशास्त्राच्या तिसऱ्या सत्रासाठी असं एक पान मी तयार केलं आहे, पाठपोट. घरी करायची नऊ प्रॅक्टिकलं, थांबवून ठेवायची पाच, आणि प्रत्येक घटकातलं गाळलं तरी चालेल ते. कोकणासाठी लिहिलं आहे. विदर्भात, मराठवाड्यात वनस्पती बदलतील आणि महिनेही, म्हणून तिथल्या शिक्षकांनी ते आपापल्या परीने लिहावं. रसायनशास्त्राचं पान माझे सहकारी लिहीत आहेत. आपल्या अभ्यास मंडळाची पुढची बैठक असेल तेव्हा कळवावं, मी स्वखर्चाने येईन. सोबत त्या वर्षीची दोन-तीन जर्नलं आणेन. त्यांना अजून चुलीच्या धुराचा वास आहे.

आपली,
वनस्पतिशास्त्राची एक शिक्षिका,
रत्नागिरी जिल्हा